विलीकेसाची टाकी

फिजीतल्या सावुसावूच्या धक्क्यावर पाणबुड्यांच्या पाठीवरच्या टाक्यांत हवा भरून घ्यायच्या रांगेत लितिया उभी होती. तिच्यापुढे म्हातारा विलीकेसा आणि हवा भरणारी सालोते यांची चांगलीच जुंपली होती.

“काका, तळाला बोट फिरवून बघा. गंजानं खड्डा पडलाय.”

“रंग लावला की झालं!”

“रंगानं लोखंड जाड होतं होय? भरताना फुटली, तर दुकानासकट आपण दोघं आभाळात.”

“तुझा बाप मुकाट्यानं भरून द्यायचा.”

“तेव्हा टाकी तरणी होती, अन् तुम्हीही.”

“बरं बाई, तू जिंकलीस. आमच्या चर्चला घंटा हवीच आहे, हीच टांगून वाजवू.”

“मग बूड मीच कापून देते. उद्या बुडी मारायला माझी टाकी न्या.”

म्हातारा खो खो हसला. लितियानं हळूच आपली टाकी उलटी करून बघितली.