सौनातली गाडी

कुओपिओ शहरातल्या मोटारसायकलींच्या दुकानात हेल्वी गाडी झाकायचं प्लॅस्टिकचं कव्हर घेऊन रांगेत उभी होती. बाहेर जानेवारीचा बर्फ पडत होता. तिच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"रेइयो, माझ्या गाडीला यंदाही गंज चढला रे."

"प्लॅस्टिक घातलं असशील, ओइवा. त्यात ओल कोंडते. जुनी सुती चादर टाक."

हेल्वीने हातातलं कव्हर हळूच फळीवर परत ठेवलं.

"आणि टाकी गच्च भर. रिकाम्या टाकीत आतून दव धरतं."

"भरली रे बाबा! तू हिवाळाभर गाडी ठेवतोस तरी कुठे?"

"घरच्या सौनात."

"वाफेच्या न्हाणीत? डोकं फिरलंय का तुझं?"

"कसली वाफ! ऑक्टोबरपासून भट्टी पेटवलीच नाही. खडखडीत कोरडं आहे सगळं. गाडी बघ येऊन, आरशासारखी!"

"मग नाताळचा सौना कुठे घेतलास?"

"सासूकडे."

"तिच्याशी तर तू बोलत नव्हतास!"

"आता बोलतो. नाताळचा सौना काय चुकवायचा?"

"आणि बायकोने हे सगळं खपवून घेतलं?"

रेइयोची छाती फुगली.

"खपवून काय घेते! तिचाच हुकूम. गाडी तिची आहे. मी मागे बसतो."