तापलेला पत्रा आणि शिंपीकाकांची बादली

मी, गल्लीत काजळीताई म्हणून ओळखली जाणारी, वय ३४, धंदा सौर बंबाच्या पत्र्यांना उष्णता शोषणारा काळा लेप देणे, राहणार शिंप्याच्या दुकानावरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

सदर इमारतीची गच्ची माझ्या थोरल्या भावाची असून तेथे मी लेप तपासते. आजवरचे सगळे लेप कडक उन्हात पापुद्रे येऊन सुटले. दादाने बजावले होते, "हा नवा लेपही सुटला तर गच्ची रिकामी कर. पुरे झाली ही थेरं."

आज दुपारी मी नवा लेप दिलेला पत्रा बसवलेल्या, वर काच असलेल्या बंबाच्या पेटीतले पाणी मुद्दाम काढून ती उन्हात कोरडी तापत ठेवली. लेपाचा दम असाच कळतो. तापमापकाचा काटा दोनशे अंशांच्या वर गेला आणि मी जागच्या जागी उड्या मारू लागले. त्या नादात काचेभोवतीच्या रबरातून निघणारा धूर मला दिसला नाही, हे खरे आहे.

खालचे शिंपीकाका "आग! आग!" ओरडत बादली घेऊन वर आले. मी "अहो काका, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी पाणी ओतले. काच फुटली व पाणी थेट तापल्या पत्र्यावर गेले. कोणास इजा नाही. दादा धावत आला आणि काकांवर उखडला, "पोरीने रक्त आटवलंय त्याच्यामागे, कळतं का तुम्हाला?" काकांविरुद्ध तक्रार त्यानेच दिली. माझ्या कामाबद्दल तो असे बोललेला मी प्रथमच ऐकले.

पण साहेब, लेप जसाच्या तसा आहे! तापल्या पत्र्यावर गार पाणी ओतायची माझी छाती कधीच झाली नसती. चिकटपट्टी लावून ओढली, काळा कणसुद्धा आला नाही. हवालदारांनी स्वतः ओढून पाहिली, कोरी निघाली. सावकाश सांगा असे साहेब म्हणतात, पण मला राहवतच नाही.

काच फुटल्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. काका मघापासून बाहेर बाकावर तोंड पाडून बसले होते. दादाने पुराव्यासाठी आणलेल्या पत्र्यावर पट्टी लावून पुन्हा पुन्हा ओढली, शेवटी तक्रार मागे घेतली आणि काकांजवळ जाऊन बसला. म्हणाला, "उद्या मी नवी काच बसवतो. काका, परत ओताल का?"

लिहून घेतलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याबरहुकूम व खरे आहे.