विमानाचं खूळ माझं होतं

तात्या, काकी, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

शाळेत रोज पोरांपुढं बोलते, आज तुमच्यापुढं उभी राहिलेय. मी मंगल. तात्या-काकींच्या सुवर्णाची चुलत बहीण. मघापासून सगळ्यांच्या तोंडी 'आमची कॅप्टन' आहे. ऐकून मला काय वाटतंय, सांगू? हेवा वाटतोय. तिच्या फोटोला हार घातलाय, तरी वाटतोय.

कारण विमान चालवायचं खूळ माझं होतं. तिचं नव्हतं! तिला बँकेत लागायचं होतं. बारावीनंतर मी पायलटच्या मेडिकल तपासणीला निघाले, तर "एकटी कशी जाशील?" म्हणून ती सोबत आली. गंमत म्हणून तिनंही तपासून घेतलं. माझा डावा कान लहानपणी फुटायचा. पडद्याला भोक निघालं. मी नापास. ती पास.

परतीच्या एसटीत म्हणाली, "मंगल, तू म्हणशील तर मी न्हाई जात."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "जा."

ती शिकायला गेली. आटपाडीची पोर विमान उडवायला लागली. दर सणाला घरात तिचीच गोष्ट, आणि मी पोळ्या लाटत ऐकायची.

एकदा तिनं मला पुण्याहून तिच्या विमानात बसवलं. माइकवरून म्हणाली, "आज या विमानात माझी बहीण मंगल आहे. मी इथं बसलेय ती तिच्यामुळं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हा आवाज माझा असायला हवा होता.

उतरल्यावर धावत आली. "कसं उतरवलं गं?"

"आपटलं जरा."

"आपटलं? लय अलगद टेकवलं की!"

"आपटलं."

ती हसत सुटली. तिला सगळं कळत होतं.

मग हा आजार आला. तपासणीत तिला उडायला मनाई झाली. गावी आली ती आधी माझ्या दारात. तात्या, तुमच्याकडं नंतर. उंबऱ्यातच म्हणाली, "मला बी नापास केलं गं."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते ना? मग मला बरं का वाटलं नाही? मी भांडायलाच लागले. "दुसऱ्या डॉक्टरला दाखव. माघारी जा. तू हितं काय करणार हायेस?"

तिला माघारी जाता आलं नाही.

गेल्या महिन्यात म्हणाली, "स्कूटर काढ." बाजाराचं मैदान मोकळं होतं. मागं बसून म्हणते, "पळव. आणखी पळव!" मी पळवली. तशी खांदा दाबून ओरडली, "आता उचल!"

"कशी उचलू गं? स्कूटर हाय ही!"

हसून हसून थांबावं लागलं. तिला धाप लागली. माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, "चालवतीस मातूर झ्याक."

तिच्याबरोबर उडणारे तुम्ही सगळे लांबून आलात. तुम्ही तिच्यासोबत आभाळ बघितलंत. तुमचाही हेवा वाटतो मला. पण ते मैदान माझं. ते वाक्य माझं. त्यातला वाटा मी कुणाला देणार नाही.

आता सगळे उभे राहू या. हात जोडून विनंती करते, थोडा वेळ कुणी काही बोलू नका. तिचं कौतुकसुद्धा नको.