घरभर हिना

गडचिरोलीहून चिमूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी मायलेकी बसल्या होत्या.

“मामानं आनलेलं स्थळ असू दे. आज त्याले तोंडावर नाई म्हनून सांगतो. त्या पोराले मी पोरगी देत नाई.”

“पन काऊन, आई? नोकरी हाय, शेती हाय.”

“पाहाले आला अन् हिना अत्तरानं सारं घर घमघमलं. एवढं अत्तर लावनारा मानूस काहीतरी झाकते. मोहाची दारू पेत असन.”

“शौकीन असन एखादा.”

“शौकीन तं आनखीनच बेकार. आरशासमोरून हटत नाई असे लोक. माह्यं नाक आजवर चुकलं नाई, उर्वशी.”

“त्याले साबनाचा वास येत होता, आई. चहा देताना आला मले.”

“अन् हिना?”

“ते मी लावलं होतं.”

“तू? तुले कुठी भेटलं?”

“गफ्फारभाऊच्या दुकानातलं हाय.”

“त्या दुकानाची पायरी तं तू कधी चढली नाई.”

“मी नाई. हाच पोरगा चढला होता, माह्यासाठी. संक्रांतीले.”

दोन थांबे गेले.

“म्हनलं ना, अत्तर लावनारा काहीतरी झाकते.”

“हो, आई.”

“माह्यं नाक चुकत नाई.”

“मंग मामाले काय सांगाचं?”

“सांगतो, आमची पोरगी अत्तर लावते म्हना. चालत असन तं तारीख काढा.”