मिरीनंतर मध

कल्पना करा बाळांनो, शाळेच्या कार्यालयाबाहेर एक बाक आहे. हरवलेलं दप्तर मागायला आलेली भिंगरी त्यावर बसली आहे. शेजारी चित्रकला शिक्षकाच्या मुलाखतीला आलेले एक काका आणि त्यांची ताई. भिंगरीला आणि काकांना आत जायच्या नंबराची एकेक चिठ्ठी मिळाली आहे.

"ताई, अत्तर कसं वाटतंय?"

"मिरी कुटल्यासारखं. आऽऽक्छी!"

"दुकानदार म्हणाला, आधी मिरी, मग झाडाचा डिंक आणि दोन तासांनी मध."

"लावलंस कधी?"

"सकाळी सातला."

"अकरा वाजले! मध कुठाय?"

"डिंकाचा वास आला की वाटतं, उडालं. मग पुन्हा लावतो."

"किती वेळा?"

"आत्ताची सहावी."

"अरे शहाण्या, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून मिरी! मोठ्या बाई शिंकत बसल्या, तर ही नोकरीपण गेली म्हणून समज."

"ही चौथी गं, ताई. जरा थांबलो तर?"

"तू थांबशील, त्या थांबतील का?"

"दोन नंबर!" शिपायाने हाक मारली.

काकांनी घाबरून खिशातून पुन्हा बाटली काढली.

भिंगरीने ती त्यांच्या हातून घेऊन ताईंकडे दिली, काकांची दोन नंबरची चिठ्ठी उचलली, आपली नऊ नंबरची काकांच्या हातात ठेवली आणि नाक पुसत आत गेली.