झीलकरी उठत नाई

...आन् वरतून हा मुखरू मलेच म्हन्ते, इनायतभाऊ, तुमी गाता काऊन! आता तुमाले सांगतो, आलापल्लीहून बल्लारशाले सागवान न्याचं, दिवसभर जंगल, चिटपाखरू दिसत नाई, आन् ड्रायवरनं गानं म्हनाव नाई तं काय कराव? डोया लागला तं सागवानासंगं मीबी नाल्यात! म्हनून मी गातो. आन् गातो काय, तं जुनं, दंडारीच्या खेळातलं, आपल्या धानाच्या मुलखातलं.

बारा वर्सं संगं लटारू होता. ट्रकावर क्लिनर, दंडारीत माहा झीलकरी. म्या ओळ म्हनाव, त्यानं मांगून ओढाव. म्या म्हनाव, "नदी आली भरून, मी उभी काठावर," आन् मांगं ट्रकातल्या लाकडाइवर बसून हा, "काठावर... गं काठावर..." आवाज असा का वांदरं पळाव! पन ताल? हमेशा अर्धी मात्रा मांगं. अबे, गाडी गेली पुढं, तू कुठी राह्यला? तं म्हने, "येतो ना भाऊ, घाई काऊन करता."

आता दंडारीचा कायदा तुमाले माहीत हाये. गानं अर्धं सोडू नये, भाऊ. शेवटचं कडवं होयेपर्यंत झीलकरी उठत नाई, मंग त्याचं घर जळो का बायको बलावो.

आन् म्या सोडलं ना! माघात लटारूले ताप भरला, त्याले केबिनीत घेतलं. तापातबी झील देऊन राह्यला. तीन कडवे झाले, आन् त्याची मान माह्या खांद्यावर पडली. चौथ्या, शेवटच्या कडव्यात नाव येते, ते काठावरच्या पोरीले पल्याड नेते. तेच राह्यलं. कोनाले सुचते तवा? आष्टीच्या दवाखान्यात नेलं, तं सारं खतम.

मंग हा मुखरू आला क्लिनर म्हनून. बिडी वढते, गात नाई. पैल्याच खेपेले, भर दुपारी, ऊन डोक्यावर, पान हालत नाई... सवयीनं म्या ओळ उचलली. आन् मांगून, लाकडाइवरून... "काठावर... गं काठावर..."

अर्धी मात्रा मांगं.

म्या म्हटलं, मुखरू शिकला वाटते. पाह्यतो तं मुखरू माह्या बाजूले, बिडी ओठात इझलेली. गाडी थांबवली, वर चढलो. कोनी नाई. पन लाकडाइवर बोटभर धूळ, आन् मधात एका मानसापुरती जागा दुपट्ट्यानं पुसलेली. लटारू तशीच पुसून बसे. खोटं काऊन सांगू!

मुखरूनं साऱ्या चांद्यात बोंब केली. लटारूची बायको शकुबाई आली माह्याकडं. तिनं इतलंच इचारलं, "अजून मांगंच राह्यते का?" म्या म्हटलं, हो. तं हासली, मंग पदर डोयाले लावला. म्हने, "मंग तोच हाये. भाऊ, नावेत बसवून द्या त्याले."

बरोबर हाये तिचं. गानं अर्धं सोडू नये, भाऊ.

काल ठरवूनच निंगालो. एक कडवं, दोन, तीन... मांगून बराबर झील. चौथ्याले तोंड उघडलं. मांगं एकदम चूप. असा चूप का, कोनी पाय उचलून उभं हाये नावेत ठेवाले. शब्द याद होते, भाऊ. पन म्या तोंड मिटलं. हे कडवं झालं का तो उठला. मंग त्या जंगलातून मी एकटा येऊ? बारा वर्साच्या संगतीचा मानूस! तुमी सोडला असता?

म्या पुन्हा पैलं कडवं उचललं.

आन् मांगून, कानापाशी, हासत... "येतो ना भाऊ, घाई काऊन करता."

मुखरू तिथीच उतरला, चालत्या गाडीतून. आता तुमच्या पाह्यन्यात कोनी क्लिनर असन तं सांगजा. बिडी वढो, झोपो, चालते. फक्त गानारा नको... ते जागा भरली हाये.