काकवीच्या रंगाचे आकडे

माझं माहेर जानेफळचं. सासर बी काही लांब नव्हतं, पण मालक लवकर गेले, तवापासून मी जानेफळलेच हाये, भावाच्या घरी. आमचा भाजीपाला हाये, वांगे, मिरच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, ते तोडायचं, बाजारात न्यायचं अन् अण्णाले पाहायचं, हेच माझं काम. अण्णा म्हणजे माझे वडील. मिलिटरीत गाडी चालवत. तिकडे थंडीच्या मुलखात त्याहीचा एक सरदारजी जोडीदार होता, तो नोकरी सोडून घरी चालला तवा त्यानं आपल्या हातातलं घड्याळ काढून अण्णाच्या हातात बांधलं. तवाच जुनं होतं ते. काळी तबकडी, अन् आकड्याईवर, काट्याईवर रेडियम लावेल. आम्ही लहान होतो तवा गोधडीत तोंड घालून पाहू, हिरवं हिरवं दिसे.

मंग चमक गेली. चमक गेली अन् रंग आला, काय सांगू तुम्हाले ताई. पांढरट आकडे होते ते पिवळे झाले, पिवळ्याचे काकवीसारखे झाले, बाराचा जरा जास्त, सहाचा जरा कमी, अन् काळी तबकडी उन्हानं उडून चिंचोक्यासारखी तपकिरी झाली. असा रंग कोणी लावतो म्हणलं तं लावता येणार नाही. मले लय आवडे. अण्णा जेवून लवंडले का मी त्याहीचा हात मांडीवर घेऊ अन् पाह्यतच बसू.

मंग अण्णाले इसरायला लागलं. आधी नावं गेली, मंग माणसं. मले कधी कमळ म्हणून माझ्याच नावानं बोलवत, कधी आईच्या नावानं हाक मारत, कधी नुसतंच पाह्यत. घड्याळ बी बंद पडलं होतं, पण ते हातातून काढू देत नव्हते. आंघोळीच्या वक्ताले तेवढं स्वतः काढून खुंटीले अडकवत अन् पाठ पुसली का आधी घड्याळ, मंग सदरा.

भावाचा पोरगा अनिकेत पुण्याले कंपनीत हाये. दिवाळीले घरी आला होता. त्यानं काय केलं, अण्णा आंघोळीले बसले तवा खुंटीवरचं घड्याळ घेतलं अन् कोणाले न सांगता मेहकरले घड्याळवाल्याकडे देऊन आला. तबकडी नवीकोरी करा म्हणे, रेडियम नवं भरा, आबाले, म्हणजे अण्णाले, एकदम चकित करतो. अन् तिकडूनच दोस्ताईसंगं लोणारले निघून गेला. पोराच्या मनात वाईट नव्हतं, ते मी आज बी म्हणीन.

इकडे अण्णा आंघोळ करून आले, खुंटीवर हात नेला, खुंटी रिकामी. नुसतं मनगट चोळत राह्यले. तिथं कातडीवर गोल पांढरा पट्टा पडेल, तेवढाच चोळत. आम्ही घर उलटंपालटं केलं, गाद्या झटकल्या, मोरीत हात घातला. या गडबडीत अण्णा कवा उठून गेले ते कोणालेच समजलं नाही.

भाऊ स्टँडकडे पळाला, मी वावरात. आमच्या जुन्या इहिरीले कठडा नाही. लांबूनच दिसलं मले, अण्णा काठावर बसेल, दोन्ही पाय आत सोडेल, अन् वाकून खाली पाहून राह्यले. खाली पाण्यात ऊन चमकत होतं. भाऊ मागून आला, तो वरडणार तं मी त्याचं तोंड दाबलं. हळूच म्हणलं, अण्णा, काय पाहून राह्यले. ते म्हणे, घड्याळ पडलं खाली, चमकून राह्यलं, घेतो अन् येतो. अन् अजून वाकले.

मी म्हणलं, ते माझ्याजवळ हाये.

खोटंच बोलली मी. अण्णानं मान वळवली अन् हात पुढं केला. दे म्हणे. माझ्या हातात काय होतं द्यायले? मी माझाच हात त्याहीच्या हातात देला, घट्ट धरला, घरी ठेवलं अण्णा, चला. ते बराच वेळ माझ्याकडे पाह्यत राह्यले, मले वाटलं आता ते हात सोडतीन. मंग एक पाय वर घेतला, मंग दुसरा. भाऊ तिथंच मातीत बसून रडला.

घरी आणलं तं उंबऱ्यात बसले, हात पुढं करून. भाकर नको, पाणी नको. भाऊ त्याहीच्या बाजूले बसून राह्यला, हलला नाही. अन् अशात अनिकेत आला हासत हासत, काऊन सगळे गप्प हाये म्हणे, उद्या पाहा आबाचं घड्याळ कसं होते ते. मी त्याले इहिरीचं सांगतलं तं त्यानं हासणं सोडून खिशातला फोन काढला. घड्याळवाल्याले फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. मंग मी फटफटीवर त्याच्या मागं बसली.

रस्त्यानं तो म्हणे, आत्या, जुन्यात तं काही चमकतच नाही. मी म्हणलं, तू दाढी ठेवली तं आबानं तुले पाव्हणा म्हणलं ना? नवं तोंड दिसलं तं ते घड्याळ ओळखणार हायेत का? त्यानं गाडी अशी पळवली का मी डोळे मिटून घेतले.

दुकान उघडं होतं. म्हातारा घड्याळवाला तोंडाले फडकं बांधून बसेल, अण्णाचं घड्याळ पुढ्यात खोलून ठेवेल. शेजारी नवी चकचकीत तबकडी. मी म्हणली, थांबा हो, हात लावू नका. त्यानं फडकं खाली केलं. म्हणे, मशीन सुरू झाली बाई, अन् मिनिटाचा काटा करून झाला, बाकी घासायले मन होऊन नाही राह्यलं, हे जुनं रेडियम, त्याचा भुगा नाकात जाणं बरं नाही, म्हणून तबकडीच बदलणार होतो. मी म्हणलं, जुनीच बसवा. त्यानं बसवली, काच घट्ट केली, पुन्हा उघडू नका म्हणे, बंदच राहू द्या. पाह्यलं तं सगळं तसंच, काकवीसारखं, अन् मधात तो एक काटा पांढराफेक.

घरी येऊन अण्णाच्या हातावर ठेवलं. त्याहीनं कानाले लावलं. मंग डोळ्याजवळ नेलं. काचेवर नख ठेवून त्या पांढऱ्या काट्याकडे पाह्यत राह्यले, पाह्यत राह्यले.

हा कोण नवा आला बे, म्हणे.

अनिकेत म्हणे, बदली होऊन आला आबा.

अण्णानं मान हलवली. ठीक हाये म्हणे. घड्याळ बांधलं अन् भाकर मागतली.

इहिरीले आता भावानं कठडा बांधला. अनिकेत दर आठवड्याले फोन करते, आबाचं इचारते, देव त्याले सुखात ठेवो. अण्णा लय थकले, दिवसभर खाटेवर असते. काल मी जवळ जाऊन बसली तं म्हणे, तुम्ही कोणाच्या? मी म्हणलं, इथलीच. त्याहीनं घड्याळात पाह्यलं, नीट, काच पुसून, अन् म्हणे, बसा बाई, आमची कमळ शाळेतून यायची येळ झाली.

मी म्हणलं, हाव, येईलच आता. अन् तिथंच बसून राह्यली.